शिसमाच्या गठानीचा भाव

नागपूरच्या नंदनवन वस्तीत दीड खोलीत राहणारे, आरा मशीनवर डाव्या हाताची दोन बोटं गमावलेले एक मिस्त्री नसते, तर मी बी.एस्सी. झालो नसतो. मी सगळ्यांत जास्त ऋणी आहे तो त्यांचा. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडायचं नाही, आणि पुढे जे लिहिणार आहे त्यानंतर त्यांचं नाव वापरायचा हक्क मला उरलेलाही नाही. मी त्यांना काकाजी म्हणतो.

ते आमच्या नात्यातले नव्हेत. उमरेडच्या पुढे आमचं गाव आहे. तिथून ते तरुणपणी नागपूरला आले आणि एका लाकडाच्या टालीत, म्हणजे वखारीत, आरा मशीनवर लागले. मी बारावी झालो तेव्हा माझे वडील वीटभट्टीवर जात होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी कोणी पाहिली नव्हती. वसतिगृहाच्या यादीत माझा नंबर लागला नाही, हे काकाजींना गावच्या कोणाकडून तरी कळलं. त्यांनी वडिलांना फोन केला, "पोट्ट्याले पाठवून द्या. माह्या घरी एक खाट रिकामी हाय."

खाट रिकामी नव्हती, ती त्यांचीच होती. तीन वर्षं ते खाली चटईवर झोपले, आणि काकूंनी एकदाही मला तसं जाणवू दिलं नाही.

त्या खाटेखाली पोत्यात गुंडाळलेली एक शिसमाची गठान होती. गठान म्हणजे झाडाच्या बुंध्याला आलेला फुगवटा. झाडाला कुठे इजा झाली, कीड लागली, की तिथलं लाकूड वेडंवाकडं वाढून गोळा होतं. ही गठान दोन हातांच्या मिठीत जेमतेम मावेल एवढी होती. तिचा एक कडेचा काप घेतलेला होता आणि त्या कापावर मोरपिसावर असतात तसे डोळेच डोळे दिसत.

ती त्यांच्याकडे कशी आली ते काकाजी हसत सांगायचे. ज्या दिवशी बोटं गेली त्या दिवशी आऱ्यावर हीच गठान असलेला ओंडका होता. दवाखान्यातून पट्टी बांधून ते टालीत परतले तर तेव्हाचे मोठे शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "तुही दोन बोटं गेली नं गा? घे, ही गठान घेऊन जाय. दोन बोटांपेक्षा मोठी हाय." सगळे हसले. तेव्हा गठानीला कोणी विचारत नव्हतं. तिच्यावर रंधा चालत नाही, सुतार तिला हात लावत नाहीत, ती चहाच्या टपरीवर जळायला जायची. नुकसानभरपाई म्हणून काकाजींना तेवढंच मिळालं. पण ते ती घरी घेऊन आले. म्हणायचे, "याच्यात मोर हाय गा. एखाद दिवशी याचा कदरदान भेटन."

मी दुसऱ्या वर्षाला असताना एकदा खाटेखाली पिठासारखी भुकटी दिसली. लाकडाला कीड लागली होती. काकाजी घाबरले. मी वनस्पतिशास्त्र शिकत होतो, आणि त्याच आठवड्यात वर्गात रेल्वेच्या लाकडी स्लीपरांबद्दल ऐकलं होतं. त्यांच्यात तेल मुरवतात म्हणून ते वर्षानुवर्षं पावसात टिकतात. मी म्हणालो, "काकाजी, जळकं ऑइल लावा. गॅरेजमध्ये फुकट मिळते."

"लावतेत लोक दाराच्या चौकटीले."

"नुसतं वरून लावून काय होते? आत गेलं पायजे. भोकं पाडा आन् त्यात ओता."

त्यांनी गठानीवरची भुकटी हाताने पुसली. मग म्हणाले, "तू शिकलेला हायेस. तू म्हणतोस तर बराबरच असन."

त्यांनी टालीतून हाताचं ड्रिल आणलं. कुठे कुठे भोकं पाडायची त्याच्या फुल्या मी माझ्या प्रॅक्टिकलच्या पेन्सिलीने मारून दिल्या, मूठ-मूठ अंतरावर, सरळ रेषेत. भोकं पाडताना ते दर वेळी माझ्याकडे पाहून विचारत, "एवढं खोल पुरे?" मी म्हणायचो, "अजून थोडं." त्यानंतर दर मे महिन्यात, पावसाळ्याआधी, ते गठान बाहेर काढून त्या भोकांत ऑइल ओतायचे. मी कॉलेज संपवून दुसरीकडे राहायला गेलो तरी हे चालूच होतं. कीड पुन्हा लागली नाही. मी गठान वाचवली असं ते काकूंना सांगत, आणि मलाही तसंच वाटत असे.

पदवीनंतर दोन वर्षं मी शिकवण्या घेतल्या. मग काकाजींनीच शब्द टाकला आणि मी त्यांच्या जुन्या टालीत कारकून म्हणून लागलो. मोठे शेठ वारले होते, त्यांचा मुलगा गादीवर होता. काकाजींना मात्र तोवर काढलं होतं. नवीन मशीन आलं आणि आठ बोटांचा माणूस नको, असं ठरलं. ते एका एजन्सीतर्फे बुटीबोरीच्या कारखान्यावर गार्ड म्हणून जाऊ लागले. बारा तासांची ड्युटी आणि जायला-यायला बस. उभं राहून त्यांचे पाय सुजत. त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. एक जुनं खराद मशीन घ्यायचं, दारातच बसवायचं आणि खाटांचे पाय, लाटणी, जे काय मिळेल ते कातायचं. "मरताना हातात लाकूड पायजे, काठी नको," असं ते म्हणत. काठी म्हणजे गार्डची.

टालीत माझं नाव 'सायन्स' पडलं. 'ए सायन्स, चालान बनव', 'सायन्सले इचारा'. मला ते आवडायचं.

मग गठानीचे दिवस आले. पुण्या-बंगळूरहून माणसं फोन करू लागली. कोणी चाकूच्या मुठी करतं, कोणी पेनं, कोणी टेबलं. जे लाकूड आम्ही टपरीवाल्याला देत होतो त्याला ते किलोवर पैसे देऊ लागले. शेठजींना याचा भाव काढता येईना. इमारती लाकूड घनफुटाने विकतात, जळाऊ मणाने. गठान कशाने विकायची? ते काम माझ्याकडे आलं आणि मी ते मनापासून शिकलो. ओली गठान तोलायची नाही, कारण त्यात निम्मं पाणी विकलं जातं आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. कापलेल्या बाजूला मेण लावून सावलीत महिनोन् महिने ठेवायची. तळहाताएवढ्या जागेत डोळे किती ते मोजायचे. आत साल अडकली असेल, चीर असेल, तर तेवढा भाग वजनातून वजा करायचा. मुठीचे तुकडे निघतील तर एक भाव, नुसत्या पेनाचे निघतील तर दुसरा. शिसमाची चांगली सुकलेली गठान आमच्याकडे किलोला आठशेपर्यंत गेली. तेल, ग्रीस, डांबर लागलेलं लाकूड घ्यायचं नाही, हा माझ्याच यादीतला नियम. त्याला सरस धरत नाही, पॉलिश चढत नाही. ती यादी मी टाइप करून ऑफिसच्या भिंतीवर लावली होती.

शेठजींनी एक रीत पाडली होती. गठान गिऱ्हाइकासमोर आऱ्यावर उघडायची, कापलेल्या तोंडावर मगभर पाणी मारायचं. पाण्याने लाकडाचा रंग आणि डोळे लख्ख उठून दिसतात, मग हळूहळू सुकत जातात. ते पाणी सुकायच्या आत मी भाव बोलायचा. एकदा बोललेला भाव बदलायचा नाही. गिऱ्हाइकांना हा खेळ फार आवडायचा. मी कधी चुकलो नाही, आणि त्याचा मला गर्व होता.

एका रविवारी मी काकाजींकडे जेवायला गेलो होतो. मीच म्हणालो, "काकाजी, आपली गठान आहे नं? घेऊन या टालीत. कदरदान आले." मी ती पोत्यासकट उचलून अंदाज घेतला. पन्नासेक किलो. आठशेनं गुणलं, थोडं कमी धरलं आणि आकडा सांगितला. "पस्तीस हजार तर कुठेच गेले नाहीत."

पोतं मी उघडलंच नाही. ऑइल मला आठवत नव्हतं असं नाही. गठान आपण किडीपासून वाचवली, एवढंच आठवत होतं. भिंतीवरची माझी यादी आणि खाटेखालची माझी पेन्सिल, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकमेकींसमोर आल्या नाहीत.

काकाजींनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "मंग खराद पाहून घ्या नं आता." पुढच्या आठवड्यात त्यांनी एक जुनं मशीन ठरवलं आणि एजन्सीला सांगून गार्डची नोकरी सोडली. हे मला नंतर कळलं. माझ्या आकड्यावर त्यांना इतका भरवसा होता.

शनिवारी सकाळी ते आले. ऑटोत पोतं, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. पुण्याचं चाकूच्या मुठी करणारं एक गिऱ्हाईक आलं होतं. शेठजी खुशीत होते.

"या मिस्त्री! आमच्या बापाचं दान परत आणलं का?"

काकाजी हसले. पोतं सोडलं तेव्हा वरून गठान काळी दिसत होती, पण जुनं लाकूड काळंच दिसतं. ते म्हणाले, "शेठजी, मी उघडू का? माह्याच हातानं?"

"उघड नं. पन उरलेली बोटं सांभाळ. माह्याकडे आता फुकटच्या गठानी नाईत." कामगार हसले.

इतक्या वर्षांनी त्यांनी आऱ्यावर हात ठेवला. गठान गोल, घसरती. पण त्यांनी ती अशी रेटली की काप दोऱ्यासारखा सरळ निघाला. निम्म्यावर आल्यावर वास सुटला. शिसम कापताना गोडसर वास येतो. हा ट्रकच्या गॅरेजचा होता. आऱ्यावरच्या पोराने नाकाला फडकं लावलं.

दोन अर्धे उघडे पडले. आत सरळ रेषेत, मूठ-मूठ अंतरावर भोकं होती. प्रत्येक भोकाभोवती काळं वर्तुळ होतं आणि सगळी वर्तुळं एकमेकांत मिसळली होती. फक्त एका जागी, दोन भोकांच्या मधे, तळहाताएवढा तुकडा कोरा राहिला होता. त्यात तीन डोळे होते. इतके सुंदर डोळे मी त्या टालीत दुसऱ्या कोणत्याच लाकडात पाहिलेले नाहीत.

शेठजींनी सवयीने पाणी मारलं. पाणी लाकडावर थांबलंच नाही. अळूच्या पानावरून जावं तसे थेंब घरंगळले आणि खाली भुशात पडले.

"अबे, हे लाकूड आहे का इंजिन?" शेठजी म्हणाले. "भोकं पाय बरं! मिस्त्री, बासरी बनवून राहिला होता काय गा?"

काकाजी गठानीकडे पाहत होते. त्यांना अजून समजलं नव्हतं. ते म्हणाले, "कीड लागू नाई म्हनून ऑइल पाजलं, शेठजी. एक टाचणीएवढी कीड नाई. पाहा तुमी."

"कीड कशी लागन? कीड मेली असन वासानं! कोनत्या गधड्यानं सांगतलं तुले हे?"

माझी पेन्सिल मला तेव्हा दिसली. प्रत्येक भोकाच्या जागी मारलेली फुली दिसली. मी चालानच्या पॅडवर मान घातली. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. इतके जवळ उभे होते, तरी मान जरादेखील वळवली नाही.

"कोनं नाई," ते म्हणाले. "मलेच सुचलं."

"तरीच! आठ बोटांची अक्कल!"

सगळे हसले. मीही हसलो. हे मी लिहून ठेवतो आहे कारण माझ्याशिवाय ते कोणाच्या लक्षात नसेल.

"ए सायन्स, बोल भाव! पानी सुकून राहिलं!" शेठजींनी डोळा मारला. सुकायला पाणी होतंच कुठे?

मी म्हणालो, "याला भाव नाही. जळाऊतही जाणार नाही, धूर करेल."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पुण्याच्या गिऱ्हाइकाने विचारलं, ऑइलने नक्की काय होतं? आणि मला उत्तर येत होतं. मी त्याला लाकडाच्या नळ्या, त्यात शिरलेलं तेल, न धरणारा सरस, सगळं नीट समजावून सांगितलं. शेवटी म्हणालो, "आपल्याकडच्या अडाणी लोकांना याची कल्पना नसते. चांगला माल खराब करून टाकतात."

काकाजी तीन हातांवर उभे होते.

नापास मालावर खडूने फुली मारायचं काम माझं होतं. शेठजींनी खडू पुढे केला आणि मी दोन्ही अर्ध्यांवर फुली मारली. ऑइलवर खडू उमटेना, म्हणून दोनदा मारली.

"इथं नको टाकून जाऊ गा," शेठजी म्हणाले. "माह्या मालाले वास लागन."

काकाजींनी दोन्ही अर्धे पोत्यात घातले, ऑटोवाल्याला हाक मारली. त्यांच्या डाव्या हाताला सुतळीची गाठ नीट बसत नाही. घरी असताना पोत्याचं, पिशवीचं तोंड मीच बांधून द्यायचो. मी दोन पावलं पुढे झालो. तेवढ्यात शेठजींनी पुढची गठान उघडली, पाणी मारलं आणि मला हाक दिली. मी वळलो. पाणी सुकायच्या आत भाव बोललो. भाव बरोबर होता. माल गेला.

मी मागे पाहिलं तेव्हा काकाजी फाटकापाशी थांबले होते. मी जवळ गेलो. ते हळूच म्हणाले, "तू बराबर सांगतलं. धंद्यात भाव खोटा सांगू नाई." आणि ऑटोत बसले. सदऱ्याच्या पुढच्या बाजूला ऑइलचा काळा पट्टा पडला होता.

त्यानंतर दोनदा मी नंदनवनात त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत फिरलो. कॉलेजच्या दिवसांत सुट्टीत गावी गेलो की ते मला म्हणायचे, "मले पत्र लिहत जाय. फोन नको. आमच्या गल्लीत पोस्टमन कोनाचं नाव घेत नाई, माह्यं घेऊ दे." मी दर सुट्टीत लिहायचो. ते चौथीपर्यंत शिकलेले आहेत आणि अक्षर लावून, ओठ हलवत वाचतात. म्हणून मी या वेळीही पत्रच लिहिलं. खाली ते जसं पाठवलं तसं उतरवतो आहे.

काकाजी, तुम्हाला आणि काकूंना सविनय जय भीम.

तो गधडा मी होतो. तुम्हाला हे माहीत आहे, पण मी लिहून द्यायला हवं म्हणून लिहितो. फुल्या मी मारल्या होत्या. तुम्ही 'एवढं खोल पुरे?' विचारलं तेव्हा 'अजून थोडं' मी म्हणालो होतो.

सोमवारी मी शेठजींना, सगळे कामगार असताना, हे सांगितलं. शेठजी खूप हसले. आता टालीत मला सायन्स म्हणत नाहीत, ऑइल म्हणतात. बरं वाटेल म्हणून सांगितलं होतं. बरं वाटलं नाही. तुम्ही तिथे नव्हता, आणि सांगायला हवं होतं ते शनिवारीच, तुमच्यासमोर.

मी बुटीबोरीला एजन्सीत जाऊन आलो. तुम्हाला परत घ्या म्हणालो. तुमच्या जागी नवीन माणूस लागला आहे, आणि वय पाहून ते पुन्हा घेणार नाहीत असं त्यांनी तोंडावर सांगितलं. खरादवाल्याकडेही गेलो. मशीन दुसऱ्याला गेलं. तुम्हाला हे कळलं असेलच. मी काही करून आलो असं तुम्हाला वाटू नये, म्हणून लिहिलं.

मी तुम्हाला अडाणी म्हणालो. तुमच्या खाटेवर झोपून शिकलो आणि त्याच शिकण्याने तुम्हाला अडाणी म्हणालो. याची माफी कशी मागायची ते मला येत नाही.

गठान फेकली नसेल तर एक विनंती आहे. दोन भोकांच्या मधे एक तुकडा चांगला आहे, त्यात तीन डोळे आहेत. तो फक्त तुमच्याच हाताने नीट निघेल. त्याचं काय होईल, कोणी घेईल का, कितीला घेईल, ते मी सांगणार नाही. या वेळी मी आकडा सांगत नाही.

मी रविवारी सकाळी येतो. दार उघडलं नाही तर बाहेर थांबेन, आणि पुढच्या रविवारी परत येईन. पत्राचं उत्तर नको. पोस्टमनला मी सांगून ठेवलं आहे की पत्र दाराखालून सरकवू नका, गल्लीत उभं राहून पूर्ण नाव घ्या.

तुमच्या खाटेवरचा पोट्टा.